घरच्या एसयूव्हीचे घसरलेले ॲव्हरेज: पाच महिन्यांच्या कामाच्या नोंदी

४ मार्च

गाडी सात आसनी आहे, पेट्रोलवर चालते, इंजिन २.४ लिटरचे बिनटर्बो आणि गिअरबॉक्स सहा गिअरचा ऑटोमॅटिक. वय नऊ वर्षे, चाल १ लाख १८ हजार किलोमीटर. पहिल्या पाच-सहा वर्षांच्या वहीत टाकी ते टाकी काढलेले ॲव्हरेज लिटरला १०.८ किलोमीटरच्या आसपास आहे. गेल्या वर्षभरात ते उतरत उतरत ८ वर आले. एका दिवसात पडले असते तर त्या सुमारास गाडीत काय बदलले एवढेच पाहावे लागले असते. इथे मात्र काय केव्हा बिघडले हे सांगण्यासारखे काहीच हाताशी नाही. इंजिनाचा दिवा लागलेला नाही, स्टार्टिंग चांगले आहे, पिकअपबद्दल घरात कोणाची तक्रार नाही. रात्रभर गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून पाहिले, त्यावर एकही थेंब नाही आणि पेट्रोलचा वासही नाही, म्हणजे इंधन गळत नाही. ही तपासणी सर्वांत आधी करावी, कारण गळती असेल तर प्रश्न ॲव्हरेजचा राहत नाही, आगीचा होतो.

आज एवढेच ठरवले की, तीन टाक्या होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, फक्त मोजायचे. पंप तोच, नोझल शक्यतो तेच, गाडी उभी करण्याची जागा तीच, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की तिथेच थांबायचे. वरून आकडा गोल करण्यासाठी थोडे आणखी भरायचे नाही. टाकी किमान ४० लिटर रिकामी झाल्याशिवाय भरायची नाही, हाही नियम केला. नोझल बंद पडण्यात एक-दीड लिटरचा फरक सहज पडतो. २० लिटरवर तो साडेसात टक्क्यांपर्यंत जातो, ४५ लिटरवर साधारण तीन टक्क्यांवर येतो.

२९ मार्च

तीन टाक्यांचे आकडे असे आले: ३७२.४ किलोमीटर आणि ४६.३ लिटर, ३८१ किलोमीटर आणि ४५.८ लिटर, ३६६.५ किलोमीटर आणि ४५.१ लिटर. एकूण १,११९.९ किलोमीटरला १३७.२ लिटर, ॲव्हरेज ८.१६. याच काळात डॅशबोर्डवरचा आकडा ९.२ दाखवत होता. तो आकडा गाडी इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) किती वेळ उघडे राहिले यावरून काढते, टाकीत प्रत्यक्ष किती गेले हे तिला माहीत नसते. त्यामुळे इथून पुढे त्या आकड्याचा उपयोग एकाच दिवसातल्या दोन फेऱ्यांची तुलना करण्यापुरताच करणार आहे.

२ एप्रिल

मोजमापाचा पाया पक्का करावा म्हणून गाडीचे किलोमीटरही तपासले. फोनवरच्या जीपीएसने मोठ्या रस्त्यावर बरोबर १०० किलोमीटर झाले तेव्हा गाडीचा मीटर ९६.८ दाखवत होता. तीन टक्क्यांहून जास्त फरक मला अपेक्षित नव्हता. गाडी लावून चालकाच्या दाराच्या खांबावरची पट्टी वाचली, तिच्यावर टायरचे माप २३५/६० आर १७ आहे. मग गुडघ्यावर बसून टायरवरची अक्षरे वाचली, तिथे २३५/६५ आर १७. सव्वा वर्षापूर्वी टायर बदलले तेव्हा एक माप उंच टायर बसवले गेले आणि ते माझ्या लक्षात आले नाही. हिशेब केला तर मूळ टायरचा व्यास ७१३.८ मिलिमीटर आणि आताच्या टायरचा ७३७.३ मिलिमीटर होतो. फरक ३.३ टक्के, जीपीएसने दाखवला तेवढाच.

याचा अर्थ गाडी जितके अंतर कापते त्यापेक्षा मीटर कमी मोजतो, आणि ८.१६ चे खरे ॲव्हरेज ८.४३ आहे. घसरणीचा एक भाग नुसता कागदावरचा होता. मात्र यामुळे खरा वेगही काट्याच्या हिशेबापेक्षा जास्त पडतो, हे घरात गाडी चालवणाऱ्या सर्वांना सांगून ठेवले. टायर अजून निम्मे शिल्लक आहेत, म्हणून आत्ता बदलत नाही. यापुढचे सर्व आकडे १.०३३ ने गुणून लिहिलेले आहेत. मागच्या वर्षभरात तुम्ही टायर बदलले असतील तर हे दहा मिनिटांचे काम इतर कशाच्याही आधी करावे असे मी आग्रहाने सांगेन. मी हे केले नसते तर ही तीन टक्के शोधत इंजिन खोलत बसलो असतो.

१४ एप्रिल

सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना, हवा मोजली. पट्टीवर ३३ पीएसआय लिहिले आहे. चार चाकांत २७, २८, २६ आणि ३१ निघाली. चारही ३३ वर आणली. त्याच दिवशी टपावरचे कॅरिअर उतरवले, जे मागच्या सहलीपासून रिकामेच वर बसून होते, आणि डिकीतले सामान बाहेर काढून घरच्या वजनकाट्यावर ठेवले. पाण्याचे कॅन, जुनी बॅटरी, घडीच्या दोन खुर्च्या आणि अवजारांचा डबा मिळून ३८ किलो भरले.

पुढच्या टाकीला ८.८ आले. फायदा खरा आहे, पण मी एका टाकीत तीन गोष्टी बदलल्या आणि आता कोणत्या गोष्टीने किती दिले हे सांगता येत नाही. माझा अंदाज असा की निम्म्याहून जास्त वाटा कॅरिअरचा असावा, कारण माझे बरेचसे चालवणे मोकळ्या रस्त्यावर ८० ते ९० च्या वेगाने होते आणि त्या वेगाला वाऱ्याचा विरोध चांगलाच जाणवतो. पण हा अंदाज आहे, नोंद नाही. इथून पुढे एका टाकीला एकच बदल.

२३ एप्रिल

एअर फिल्टर आणि प्लग. फिल्टर काळवंडलेला होता, बदलला. एका टाकीनंतर ॲव्हरेज ८.८, म्हणजे जसेच्या तसे. नंतर वाचले तेव्हा कळले की अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हीच गोष्ट मोजली होती, आणि इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळे ॲव्हरेजवर लक्षणीय परिणाम होत नाही, पिकअप मात्र कमी होतो, असे तिथे आढळले होते. इंजिनात येणारी हवा मोजूनच इंधन दिले जाते, त्यामुळे हवा कमी आली तर इंधनही कमी जाते. फिल्टर बदलणे वाया गेले असे नाही, पण ॲव्हरेजसाठी त्याच्याकडे पाहू नये.

प्लग काढायला धरलेल्या वेळेपेक्षा दुप्पट वेळ लागला. मागच्या बाजूचा एक प्लग कॉइलच्या वायरिंगखाली दडलेला आहे आणि तिथे लांब एक्स्टेन्शन लागते. फट १.१ मिलिमीटर असायला हवी, चौघांचीही १.४ पर्यंत वाढलेली होती. टोकांवर हलकी कोरडी काजळी होती, चारही प्लगवर सारखीच. नवे बसवल्यावर गाडी उभी असतानाची थरथर गेली. ॲव्हरेज ८.९ आले, जे मोजमापाच्या चुकीच्या आतच आहे.

इथे खर्चाबद्दल एक खुलासा करतो. किमती जागोजागी वेगळ्या असतात, म्हणून मी प्रत्येक खर्च त्या पैशांत किती लिटर पेट्रोल आले असते या मापाने लिहीत आहे. फिल्टर १० लिटर, प्लग ४५ लिटर.

६ मे

या कामातली सर्वांत महाग चूक आजची आहे. प्लगवरची काजळी पाहून मिश्रण गाढ होत आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले, आणि लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीत पुढचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रणाची स्थिती संगणकाला कळवणारा भाग) मंदावतो हे ऐकलेले होते, म्हणून तो तपासल्याशिवाय नवा विकत घेतला. खर्च १३० लिटर, म्हणजे दोन पूर्ण टाक्यांहून जास्त.

जुना सेन्सर निघता निघेना. थंड गाडीवर गंजतेल मारून रात्रभर ठेवले, सकाळी इंजिन पाच मिनिटे चालवून धुराची नळी कोमट केली आणि वायरसाठी खाच असलेल्या सॉकेटने जोर लावला, तेव्हा तो कर्कश आवाज करत एकेक आटा सुटला. साध्या पान्याने प्रयत्न केला असता तर कडा नक्कीच गोल झाल्या असत्या. एकूण अडीच तास गेले.

१५ मे

सेन्सर बदलल्यानंतरची टाकी: ८.८. काहीही फरक नाही.

आज स्कॅनर घेतला, जो मी मार्चमध्येच घ्यायला हवा होता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा, फोनला ब्लूटूथने जोडला जाणारा साधा स्कॅनर आहे, खर्च २५ लिटर. गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड एकही नाहीत. उभ्या गाडीत आत येणारी हवा सेकंदाला २.६ ग्रॅम, जी या आकाराच्या गरम इंजिनाला शोभते. इंधनाची दुरुस्ती, म्हणजे संगणक ठरलेल्या मापात स्वतःहून किती कमी-जास्त करत आहे तो आकडा, दीर्घ मुदतीचा +२ टक्के आणि अल्प मुदतीचा उणे ३ ते अधिक ३ च्या दरम्यान. गाढ मिश्रणाचा माझा सिद्धान्त इथेच संपला. तसे असते तर संगणक इंधन मोठ्या प्रमाणात कापताना दिसला असता.

मनाची खात्री व्हावी म्हणून जुना सेन्सर एका दुपारपुरता परत बसवला. त्याची रेषा ०.१ ते ०.८ व्होल्टच्या दरम्यान नव्याइतक्याच चपळाईने वरखाली होत होती. तो चांगला होता. नवा सेन्सर परत करता आला नाही, कारण एकदा बसवलेला विद्युत भाग दुकान परत घेत नाही. जुनाच गाडीत राहू दिला आणि नवा पुसून डब्यात ठेवला आहे.

१७ मे

फोन डॅशबोर्डवर लावून ४० किलोमीटरची फेरी मारली. आकडे वाचण्याचे काम शेजारी बसलेल्या मुलीने केले, कारण चालवताना फोनकडे पाहणे योग्य नाही. गावातून बाहेर पडेपर्यंत कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान ८४ अंशांपर्यंत चढले. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, हे कमी होत चाललंय." ८४ वरून ७८, ७१, आणि ८० च्या वेगाला ते ६२ ते ६६ अंशांच्या मध्ये स्थिरावले. डॅशबोर्डवरचा काटा तेव्हाही जवळजवळ मध्यावर उभा होता. हा काटा मुद्दाम मंद ठेवलेला असतो, बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो हलतच नाही, आणि वर्षभर मी त्याच्यावर विसंबून होतो.

बाहेर २४ अंश असताना गरम झालेले इंजिन वेगात थंड होत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, पूर्ण बंद होत नाही, असा सरळ अर्थ निघतो. वेग वाढला की रेडिएटरवर वारा जास्त येतो आणि बंद असायला हवा तेव्हाही कूलंट तिकडे फिरत राहते. कोड का पडला नाही याचा माझा तर्क असा आहे की गावातल्या संथ चालीत तापमान ठरलेल्या रेषेपर्यंत पोचत होते, आणि संगणकाच्या लेखी गाडी तपासणीत उत्तीर्ण होत होती.

दुसरी नोंद याहून महत्त्वाची आहे. सपाट रस्त्यावर ८० च्या स्थिर वेगाला इंजिनाचे फेरे मिनिटाला २,०५० ते २,२०० च्या दरम्यान हलत होते; ॲक्सिलरेटर किंचित दाबला की वेग न वाढता फेरे आधी वाढायचे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणारा भाग) स्थिर वेगाला कुलूपबंद झाला की असे होत नाही, इंजिन आणि चाके जणू एका दांड्याने जोडली जातात. इंजिन पुरेसे तापेपर्यंत बऱ्याच गाड्यांत हे कुलूप लागू दिले जात नाही. इंधनाची दुरुस्ती शून्याजवळ होती, हे लक्षात घेता जास्तीचे पेट्रोल गाढ मिश्रणात जात नव्हते. ते या घसरणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये आणि न तापलेल्या घट्ट तेलाच्या घर्षणात जात होते, असे माझे मत झाले.

२४ मे

सकाळी खात्रीची एक शेवटची तपासणी केली. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. थर्मोस्टॅट ठीक असेल तर इंजिन तापेपर्यंत ही होज गार राहते आणि मग एकाएकी गरम होते. इथे ती दोन मिनिटांतच कोमट होऊ लागली.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर कूलंट परातीत काढून घेतले. ते गोडसर चवीचे आणि विषारी असते, जनावरे चाटतात, म्हणून जमिनीवर एक थेंबही राहू दिला नाही. थर्मोस्टॅटच्या कप्प्याचे तीन बोल्ट काढून झाकण उघडले. थर्मोस्टॅटवर ८२ हा आकडा कोरलेला होता. झडप आणि तिची बैठक यांच्यामध्ये तपकिरी चुन्यासारख्या थराचा एक तुकडा अडकून बसला होता आणि झडप जवळजवळ ३ मिलिमीटर उघडी होती, इतकी की उजेडाकडे धरले तर आरपार दिसत होते. तुकडा नखाने काढला तरी झडप परत बसली नाही. स्प्रिंगच्या दांड्यावर झीज दिसत होती.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि शेजारी तापमापक ठेवला. ८२ अंशांना कडेला बारीक फट दिसू लागली, ९५ च्या सुमारास झडप पूर्ण उघडली, आणि पाणी निवत गेले तशी ती घट्ट मिटली. वीस मिनिटांचे हे काम नव्या भागावरही करावे, कारण सदोष नवा भाग बसला तर सगळी गाडी परत खोलावी लागते. बैठक घासून स्वच्छ केली, नवी रबरी रिंग लावली, बोल्ट पुस्तिकेतल्या जोरानेच आवळले आणि कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मेनिम्म करून भरले.

मग इंजिन सुरू केले आणि पंधरा मिनिटांनी स्कॅनरवर १०३ अंश दिसले. हीटर थंड हवा फेकत होता. तत्काळ बंद केले.

२५ मे

चूक माझी होती. थर्मोस्टॅटच्या कडेला एक लहान छिद्र आणि त्यात लटकणारी पिन असते, कूलंट भरताना अडकलेली हवा तिथून वर निघून जाते. ही पिन वरच्या बाजूला यायला हवी. मी ती खाली ठेवून बसवली होती आणि झडपेमागे हवेचा गोळा अडकला. परत सगळे निवू दिले, कूलंट काढले, थर्मोस्टॅट फिरवून पिन घड्याळातल्या बाराच्या जागी आणली. या वेळी गाडीचे नाक उतारावर उंच धरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरले. अर्धा दिवस आणि दोन लिटर कूलंट वाया गेले. थर्मोस्टॅट, रिंग आणि कूलंट मिळून खर्च ४० लिटर.

संध्याकाळच्या फेरीत तापमान ८६ ते ९० अंशांच्या बाहेर गेले नाही. ८० च्या वेगाला फेरे १,८५० वर येऊन थांबले आणि ॲक्सिलरेटर हलका दाबला तरी हलले नाहीत. त्या क्षणी झालेला आनंद इथे नोंदवून ठेवतो.

७ जून

थर्मोस्टॅटनंतरच्या दोन टाक्या: ९.६ आणि ९.८. घाई न करता दोन टाक्यांची वाट पाहिली आणि सरासरी ९.७ धरली. आतापर्यंतच्या कामातला हा सर्वांत मोठा लाभ आहे. पण जुना आकडा १०.८ होता, म्हणजे आणखी काहीतरी शिल्लक आहे.

९ जून

इंजिन ठीक असेल तर गाडी कुठेतरी अडते आहे का, हे पाहावे असे वाटले. न स्पर्श करता तापमान मोजणारा थर्मामीटर घेतला, खर्च २० लिटर. मोकळ्या रस्त्यावर ३० किलोमीटर गेलो, थांबताना ब्रेकचा वापर जवळजवळ टाळला आणि उतरून लगेच चारही डिस्क मोजल्या. पुढच्या ५८ आणि ६१ अंश, मागची उजवी ४९, मागची डावी १२७. परत येऊन पुन्हा मोजल्या, तोच प्रकार.

चालवताना याचा काहीही पत्ता लागत नव्हता. गाडी एका बाजूला ओढत नव्हती, वास येत नव्हता, आवाज नव्हता.

१५ जून

पुढच्या चाकांना अडणी लावून गाडी मागून उचलली, स्टँडवर टेकवली आणि हँडब्रेक सोडून चाके हाताने फिरवली. उजवे चाक ढकलल्यावर दोन फेरे फिरून थांबले. डावे पाव फेराही स्वतःहून फिरले नाही.

डाव्या कॅलिपरची (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) खालची सरकपिन, म्हणजे ज्यावर तो सरकतो ती पिन, जागच्या जागी जाम होती आणि वरची जेमतेम हलत होती. खालच्या पिनेचे रबरी आवरण फाटून आत पाणी गेले होते व तिच्यावर तांबूस गंज चढला होता. वरच्या पिनेची गोष्ट वेगळी होती: आत साधे वंगणाचे ग्रीस होते आणि त्यामुळे टोकावरची रबरी नळी फुगून भोकात गच्च बसली होती. मागच्या वेळी पॅड बदलणाऱ्याने ते लावले असावे. खनिज तेलाच्या ग्रीसने या जागेचे रबर फुगते. तिथे ब्रेकसाठीचे सिलिकोन ग्रीसच हवे. आतला पॅड ३ मिलिमीटर उरला होता, बाहेरचा ८. कॅलिपर सरकत नसल्यामुळे पाय उचलल्यावरही पॅड डिस्कला घासत राहायचे.

खालची पिन गंजतेल मारून, पान्याने थोडी पुढे थोडी मागे अशी फिरवत पाऊण तासात सुटली. भोक गोल ब्रशने साफ केले. पिनेवर गंजाचे खड्डे पडले होते, म्हणून घासून परत वापरण्याचा विचार सोडला आणि दोन्ही बाजूंच्या पिना, आवरणे व पॅड नवे घातले. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असल्यामुळे पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, तो दाबता दाबता फिरवावा लागतो. हे मला ठाऊक होते म्हणून क्लॅम्पने जोर लावून तो खराब केला नाही. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइल वरच्या डबीत चढते, तिकडे लक्ष ठेवले, कारण ते सांडले तर रंग सोलते. हँडब्रेकची केबल सोडल्यावर दोन्ही बाजूंचे लिव्हर पूर्ण परत येतात, हेही पाहिले. खर्च ६० लिटर, वेळ सहा तास.

चाके बसवल्यावर मुलीला ब्रेक दाबायला सांगितले. पहिल्यांदा पेडल थेट खाली गेले, तेव्हा ती घाबरली. चौथ्या-पाचव्या दाबाला ते जागेवर आले. पॅड बदलल्यावर पिस्टन मागे गेलेला असतो, म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबलेच पाहिजे. कोणीही ही पायरी गाळू नये. मग त्याच रस्त्यावर ३० किलोमीटरची फेरी: मागच्या डिस्क ५१ आणि ४८ अंश.

३० जून

टाकीचे ॲव्हरेज १०.४.

११ जुलै

चाकांचे अलाइनमेंट करून घेतले, कारण पुढच्या टायरच्या कडा बोटाने एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारख्या लागत होत्या. चाके आत वळलेली निघाली, ती मापात आणली. खर्च १० लिटर. पुढच्या टाकीला १०.४ च आले. टायर वाचतील, ॲव्हरेजवर दिसण्याइतका परिणाम नाही.

आज वहीतला खर्च मांडला. एकूण ३४० लिटर पेट्रोलच्या किमतीएवढा झाला. त्यातला स्कॅनर, थर्मोस्टॅट, ब्रेक आणि थर्मामीटर यांचा वाटा १४५ लिटर, आणि हवा व कॅरिअर वगळता लाभ त्यातूनच आला. सुरुवातीला १०० किलोमीटरला ११.९ लिटर लागत होते, आता ९.६ लागतात, म्हणजे १०० किलोमीटरला २.३ लिटरची बचत. उपयोगी खर्च सुमारे ६,३०० किलोमीटरमध्ये वसूल होईल. सगळा खर्च धरला तर १४,८०० किलोमीटर लागतील, आणि त्यातले ५,७०० किलोमीटर केवळ त्या एका सेन्सरपायी. प्लग आणि ब्रेक पॅड यांची वेळ झालेलीच होती, ते ॲव्हरेजच्या खात्यावर पूर्णपणे टाकणे बरोबर नाही, पण हिशेबात धरले आहेत.

२ ऑगस्ट

शेवटची गोष्ट वापराची. स्कॅनरवर प्रत्येक फेरीचा वेगळा आकडा दिसतो. सकाळी थंड इंजिनावर चार किलोमीटर जाऊन परत येण्याच्या फेरीत गाडी लिटरला ५ ते ६ किलोमीटरच देते. तेच अंतर गरम इंजिनावर केले तर ९ च्या पुढे जाते. घरच्यांशी बोलून तीन वेगवेगळ्या लहान फेऱ्या शक्य असेल तिथे एकाच फेरीत जोडल्या. टाकी १०.६.

१०.८ आणि १०.६ मधला फरक माझ्या मोजमापाच्या चुकीपेक्षा लहान आहे, म्हणून शोध इथे थांबवतो. हवा दर पंधरवड्याला सकाळी मोजणे चालू आहे. दर तीन महिन्यांनी कूलंटचे तापमान मोठ्या रस्त्यावर आणि चारही डिस्कचे तापमान ३० किलोमीटरनंतर वहीत लिहिणार आहे. पुढचे टायर २३५/६० आर १७ घेणार आहे. माप कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवले आहे.